निसर्गात 'बळी तो कान पिळी' असेल, तर आपल्यात नीती शिरली कुठून?

रानवाटसरू | शनिवार, रात्री ९:४०

नॅशनल पार्क, आरे, येऊरचा पायथा इथे लोकांना रान दाखवायला नेतो. हौस म्हणून, पोटापाण्याचा धंदा वेगळा आहे. फिरताना दोन वाक्यं हमखास कानावर पडतात आणि दोन्हींनी माझं डोकं फिरतं. पहिलं, "बघा मुलांनो, मुंग्यांकडून एकी शिका." दुसरं, एखाद्या सुखवस्तू काकांचं, "शेवटी निसर्गाचा नियम एकच, बळी तो कान पिळी. आम्ही धंद्यात तेच करतो."

आधी मुंग्या. आंब्याची पानं जोडून घरटं करणाऱ्या लाल मुंग्या, कोकणात ज्यांना ओंबील म्हणतात, त्यांची एकी खरोखर थक्क करते. आपल्याच अळ्या तोंडात धरून त्यांच्या रेशमाने पानं सांधतात. पण शेजारच्या झाडावरची त्याच जातीची परकी मुंगी आली, की ह्याच एकीने तिचे पाय चारी बाजूंनी ताणून तिला फाडतात. आणि सीमेवर लढायला पुढे असतात त्या म्हाताऱ्या कामकरी मुंग्या. मुलांना ह्यातलं नेमकं काय शिकवू?

मग कुंभारीण माशी. खिडकीच्या ग्रिलला, ट्यूबलाइटच्या पट्टीला मातीचा इवलासा गडू चिकटवते ती. आत बारीक धाग्याने एक अंडं टांगते, अळ्या पकडून, नांगी मारून गडू भरते आणि तोंड लिंपून टाकते. अळ्या मेलेल्या नसतात, लुळ्या पडलेल्या असतात. मेल्या तर कुजतील ना. पिल्लू बाहेर आलं की ताजा शिधा तयार. हिच्या दूरच्या नात्यातल्या काही माश्या तर जिवंत अळीच्या अंगातच अंडी घालतात. डार्विनने १८६० साली आसा ग्रे या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात ह्याच माश्यांचं उदाहरण दिलंय. दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने असा जीव मुद्दाम घडवला असेल हे काही मनाला पटत नाही, असा त्याचा सूर.

आणि त्याच रानात सातभाई! दहा-बारा मातकट पक्षी कलकलाट करत पाचोळा उलथत असतात, एक जण वर फांदीवर पहाऱ्याला. घरट्यातली पिल्लं एका जोडीची, पण चारा भरवायला अख्खा थवा.

मग निसर्ग ह्यातला कोणता? माझं मत सांगतो. माया, लाज, फसवणाऱ्याचा राग ह्या भावना माणसाने शोधून काढलेल्या नाहीत. कळपाने राहणाऱ्या जनावरांत त्या फार आधीपासून मुरलेल्या आहेत. मात्र त्या कुणासाठी आणि किती वापरायच्या ह्याचं उत्तर रानात मिळत नाही. डार्विनलाही १८७१ पर्यंत हे दिसलं होतं. माणसं मधमाश्यांसारख्या परिस्थितीत वाढली असती, तर अविवाहित बायकांना आपल्या भावांना मारणं हे पवित्र कर्तव्य वाटलं असतं, असं त्याने लिहून ठेवलंय.

तुम्हाला काय वाटतं? मुंबईत जगताना काय दिसतं तेही सांगा.

खवट | शनिवार, रात्री ९:४६

निसर्ग नीतिमान असता तर डास फक्त बिल्डरांना चावले असते.

नांदरुख | शनिवार, रात्री १०:१५

कुंभारणीवरून आठवलं. भ्रमरकीटक न्याय! कीर्तनात ऐकला नाही असा मराठी माणूस विरळा. भ्रमर अळीला घरट्यात कोंडतो, भोवती गुणगुणत राहतो, अळी भीतीने त्याचंच ध्यान करते आणि ध्यान करता करता स्वतःच भ्रमर होऊन उडते. तात्पर्य, देवाचं असं ध्यान करा की देवच व्हाल.

आमच्या गिरगावच्या चाळीत एक बुवा हे इतकं रंगवून सांगायचे की बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. निरीक्षण पहा किती पक्कं आहे. गडूत अळी गेली हे कुणीतरी पाहिलं, काही दिवसांनी त्याच गडूतून माशी बाहेर आली हेही पाहिलं. मधलं जेवण तेवढं दिसलं नाही. म्हणजे ज्या दृश्याने डार्विनचा देवावरचा विश्वास डळमळला, त्याच दृश्यातून आपल्याकडे मोक्षाचा दृष्टांत निघाला. मला ह्यात डार्विन बरोबर आणि बुवा चूक एवढंच दिसत नाही. माणूस निसर्गाकडे आधीच ठरवलेली नीती घेऊन जातो आणि तिथे तिचा पुरावा शोधतो. धाग्यातले धंदेवाले काका तेच करतायत.

शंकासुर | शनिवार, रात्री ११:०२

नांदरुख यांच्या शेवटच्या दोन वाक्यांना अनुमोदन, पण ते धागाकर्त्यालाही लागू आहे.

१. 'असं आहे' यावरून 'असं असावं' निघत नाही. ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने हे अठराव्या शतकातच दाखवून दिलं. सातभाई एकमेकांची पोरं भरवतात, बरं. मग?

२. उत्क्रांतीच्या गोष्टी रचणं फार सोपं असतं. लाज का वाटते? कळपात टिकायला उपयोगी. निर्लज्जपणा का असतो? तोही कुठेतरी उपयोगी. स्टीफन जे गूल्ड आणि रिचर्ड लेवोंटिन या जीवशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये ह्याच खोडीवर बोट ठेवलं होतं. प्रत्येक गुणाला 'हा अमुक फायद्यासाठी घडला' अशी कथा चिकटवायची, आणि एक कथा पडली की दुसरी काढायची. अशा कथेला खोटं पाडायची काही सोय आहे का, ते सांगा. नसेल तर ती आणि बुवांची कथा एकाच पंगतीत.

उनाड | शनिवार, रात्री ११:०५

शंकासुर आले. मी चहा टाकतो.

चौथी_सीट | रविवार, सकाळी ७:५०

पुस्तकी काही येत नाही, लोकलचं सांगतो. बदलापूरहून येतो. तिघांच्या बाकावर चौथा बसतो हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. रेल्वे म्हणते तीन. पण चौथ्याने "जरा सरका" म्हटलं आणि तिसरा सरकला नाही, तर अख्खा डबा त्याच्याकडे बघतो. लांबचं अंतर असेल तर अर्ध्या वाटेत बसलेला उठतो आणि उभ्याला बसायला देतो. आमच्या ग्रुपमध्ये हे वर्षानुवर्षं चाललंय. एक जण होता, बसायचा पण उठायचा नाही. झोपेचं सोंग. कुणी भांडलं नाही. हळूहळू त्याच्यासाठी कुणी जागा धरेना, प्रसाद वाटताना त्याच्यापाशी पुडा रिकामा व्हायला लागला, मग तो स्वतःच डबा बदलून गेला.

आता ह्यात निसर्ग कुठे आणि नीती कुठे ते विद्वानांनी सांगावं. मला एवढं कळतं, की उद्या पुन्हा ह्याच लोकांची तोंडं बघायची आहेत हे माहीत असतं म्हणून सगळे सरळ वागतात. तीच माणसं दादरला उतरताना अनोळखी म्हाताऱ्याला कोपर मारतात.

गणिती_गोंधळ | रविवार, सकाळी ९:२०

चौथी_सीट, तुम्ही न वाचता रॉबर्ट ट्रिव्हर्स या जीवशास्त्रज्ञाचा १९७१ चा निबंध लिहून टाकलात. परतफेडीचा परोपकार! पुन्हापुन्हा गाठ पडणार असेल, कोणी काय केलं ते लक्षात राहत असेल आणि फुकट्याला वगळता येत असेल, तर परक्याला मदत करण्याची वृत्ती टिकते. पुढे अ‍ॅक्सेलरॉड नावाच्या राज्यशास्त्रज्ञाने संगणकावर स्पर्धा लावली, लोकांनी एकापेक्षा एक बिलंदर प्रोग्रॅम पाठवले. जिंकला तो सगळ्यांत साधा: पहिल्यांदा सहकार्य करा, मग समोरच्याने मागच्या वेळी केलं तेच करा.

नात्यातल्या मदतीचं गणित त्याआधीचं, हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञाचं, १९६४. मदतीचा फायदा गुणिले नात्याची जवळीक हे मदतीच्या किमतीहून जास्त भरलं, की ती वृत्ती पसरते. जवळीक म्हणजे सारख्या जनुकांचा वाटा: सख्खं भावंड अर्धं, नातवंड पाव, चुलत भावंड एक अष्टमांश. हाल्डेन या जीवशास्त्रज्ञाचा किस्सा सांगतात तो ह्यावरच, की एका भावासाठी नाही, पण दोन भावांसाठी किंवा आठ चुलत भावांसाठी मी नदीत उडी मारीन. हे हाल्डेन १९५७ मध्ये इंग्लंड सोडून कोलकात्याला आले, भारतीय नागरिक झाले आणि भुवनेश्वरला वारले, १९६४ मध्येच.

पार्लेकर_आजी | रविवार, सकाळी १०:३५

गणिती, नातवंड पाव का? आमच्याकडे तर दुधापेक्षा दुधावरची साय गोड म्हणतात. तुमच्या हिशोबाने मुलगा अर्धा आणि नातू पाव, मग मी मुलाला खिचडी आणि नातवाला शिरा का करते?

आणखी एक शंका आहे. जनावरांत मादी शेवटपर्यंत वीत राहते ना? मग बाईचं मूल होणं पन्नाशीच्या आत थांबतं आणि त्यानंतर ती तीस वर्षं जगते, हे निसर्गाने कशासाठी केलं? वशिला लावून विचारते आहे, कारण प्रश्न माझ्याच अस्तित्वाचा आहे.

गणिती_गोंधळ | रविवार, सकाळी ११:१०

आजी, शिऱ्याचं उत्तर सोपं आहे. मुलगा आता स्वतः कमावतो, त्याला वाटीभर शिऱ्याचा फायदा कमी. नातू वाढत्या अंगाचा, त्याला जास्त. जवळीक पाव असली तरी गुणाकार मोठा येतो.

दुसऱ्या शंकेवर खरंच मोठं काम झालंय. टांझानियातले हाडझा लोक शिकार आणि कंदमुळांवर जगतात. क्रिस्टन हॉक्स आणि सहकाऱ्यांनी तिथे पाहिलं, की आई तान्ह्या बाळात अडकली की आधीच्या पोरांच्या तोंडात घास पडतो तो आजीने उकरलेल्या कंदांमुळे. त्यावरून आजीचा सिद्धान्तच मांडला गेला: स्वतःचं आणखी एक मूल होऊ देण्यापेक्षा लेकीची पोरं जगवणं फायद्याचं ठरलं. मूल होणं थांबल्यावर पुष्कळ वर्षं जगणाऱ्या दुसऱ्या माद्या सापडतात त्या समुद्रात, ऑर्का वगैरे देवमाशांच्या जातींत.

उनाड | रविवार, सकाळी ११:१४

आणि सासूची जवळीक किती धरायची? घरून विचारणा आहे.

खवट | रविवार, सकाळी ११:१५

शून्याने गुणलं की काहीही शून्यच येतं, हे मी इथे लिहिलेलं नाही.

तात्पुरता | रविवार, दुपारी १२:४०

छान धागा. ह्यावर मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड यांची गोष्ट फार बोलकी आहे. त्यांना विद्यार्थ्याने विचारलं, संस्कृतीची पहिली खूण कोणती? त्या म्हणाल्या, मोडून पुन्हा जुळलेलं मांडीचं हाड. प्राण्यांमध्ये पाय मोडला की मरण निश्चित. हाड जुळलं म्हणजे कुणीतरी त्या जखमीजवळ थांबलं, त्याला खाऊपिऊ घातलं. तिथे माणुसकी सुरू झाली. 🙏

हाडवैर | रविवार, दुपारी २:०५

तात्पुरता, हा फॉरवर्ड दर दिवाळीला येतो. मीडबाईंच्या लिखाणात हे वाक्य कुणाला सापडलेलं नाही. आणि 'प्राण्यांत मरण निश्चित' हेही खरं नाही. रानातल्या गिबन माकडांचे सांगाडे तपासले तेव्हा जुळून आलेल्या हाडांची उदाहरणं ढिगाने मिळाली. त्यांना कुणी पेज भरवत नव्हतं.

खरे पुरावे हवेत तर ते फॉरवर्डपेक्षा रसाळ आहेत. इराकमधल्या शानिदार गुहेत एका निअँडरथल (माणसाची नामशेष झालेली जात) पुरुषाचा सांगाडा मिळाला. एक हात लुळा आणि कोपरापासून गेलेला, चेहऱ्याच्या एका बाजूला असा मार की तो डोळा बहुधा निकामी, चालणं लंगडं. तरी ह्या जखमा भरल्या आणि तो त्यानंतर पुष्कळ वर्षं जगला, त्या काळाच्या मानाने म्हातारा होऊन मेला. जॉर्जियातल्या द्मानिसीची कवटी तर सुमारे १८ लाख वर्षांपूर्वीची आहे, आणि त्या माणसाचे एक सोडून सगळे दात मरणाच्या बरंच आधी पडलेले. खाणं मऊ करून दिलं का कुणी? काही जण हो म्हणतात, काही म्हणतात मेंदू-मगज खाऊन तो एकटाही जगू शकला असता. शानिदारचं पारडं मात्र मला जड वाटतं. तसा जखमी माणूस एकटा इतकी वर्षं निघणं कठीण.

तात्पुरता | रविवार, दुपारी २:११

भावना महत्त्वाची आहे हो.

कवठीचाफा | रविवार, दुपारी ४:३०

मला कोकिळेबद्दल लिहायचंय. आमच्या दादरच्या गल्लीत पर्जन्यवृक्षावर कावळ्यांची घरटी असतात आणि एप्रिल-मेमध्ये रोजचा तमाशा. काळा कोकीळ (कुहू करणारा नर असतो, मादी ठिपक्यांची आणि तिचं ओरडणं कर्कश) घरट्यासमोर मिरवतो, कावळे त्याच्या मागे धावतात, तेवढ्यात मादी अंडं घालून पसार.

लोक म्हणतात कोकिळा लबाड, कावळा मूर्ख. पण कावळ्याच्या जागी बसून बघा. परकं अंडं आकाराने थोडं लहान, रंगाने जवळपास सारखं. चुकून आपलंच फेकलं तर? त्यापेक्षा एक जास्तीचं तोंड भरवणं परवडत असेल. युरोपातल्या कुक्कूचं पिल्लू यजमानाची अंडी पाठीवर घेऊन ढकलून देतं, आपल्या कोकिळेचं पिल्लू बहुतेक वेळा कावळ्याच्या पोरांबरोबरच वाढतं. तेवढी सभ्यता मुंबईची.

सातभाईंनाही हे चुकलेलं नाही बरं का. पावशा आणि चातक त्यांच्या घरट्यात अंडी घालतात. जिथे सगळे मिळून भरवतात, तिथे फुकट जेवायला येणारा असणारच.

वडाळावासी | रविवार, संध्याकाळी ६:१५

फुकट जेवायला येणाऱ्यांवरून, आमच्या सोसायटीत भटक्या कुत्र्यांना गेटपाशी खायला घालणाऱ्या काकू आणि त्यांच्या विरोधातली बी विंग असं महायुद्ध चालू आहे. काकू म्हणतात भूतदया, बी विंग म्हणते पोरांना चावतात. दोघेही खरे आहेत. उत्क्रांतीवाल्यांनी निकाल द्यावा, आमच्या सर्वसाधारण सभेला जमलेला नाही.

मुलुंडचा_बिबट्या | रविवार, संध्याकाळी ६:२२

नॅशनल पार्कला लागून राहत असाल तर कुत्र्याला बिस्कीट घालणं म्हणजे हप्त्याहप्त्याने बिबट्याला जेवण घालणं. त्याच्या खाण्यात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. त्यामुळे काकूंचं पुण्य नक्की कुणाच्या खात्यात जमा होतं, चित्रगुप्ताला विचारा.

बोरीबंदर | रविवार, संध्याकाळी ६:४०

आता कबुतरखान्यावर पण होऊन जाऊ दे!

व्यवस्थापक | रविवार, संध्याकाळी ६:५५

कबुतरं आणि कुत्री दोन्हींसाठी वेगळे धागे आहेत आणि दोन्ही सध्या बंद आहेत. कृपया इथे तिसरा उघडू नये.

शंकासुर | रविवार, रात्री ९:३०

बरं, मूळ विषय. धाग्यात सगळी गोड उदाहरणं येतायत, म्हणून एक कडू. धारवाडजवळ सुगियामा नावाच्या जपानी अभ्यासकाने १९६० च्या दशकात वानरांचे कळप पाहिले. बाहेरच्या नरांनी कळपाच्या मालकाला हाकललं, नवा नर आला आणि थोड्याच काळात कळपातली तान्ही पिल्लं मारली गेली. पुढे सारा हर्डी यांनी अबूच्या डोंगरावर तेच पाहिलं आणि अर्थ लावला: दूध पिणारं पिल्लू गेलं की आई लवकर माजावर येते, नव्या नराची पिल्लं लवकर जन्मतात. आपण ज्यांना हनुमानाचा अवतार म्हणून केळी देतो ती ही वानरं.

आता मला सांगा, सातभाईंची माया 'आपल्या नीतीचं मूळ' आणि वानराचं हे कृत्य 'फक्त प्राणीवर्तन', ही निवड कोण करतंय? तुम्ही. म्हणजे नीती तुमच्याकडे आधीच होती. आणि ही निवड उलटी केली की काय होतं तेही इतिहासात आहे. 'जो टिकेल तोच योग्य' हा शब्दप्रयोग स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञाचा, त्यावर गरिबांना मदत करू नका इथवर लोक गेले. गाल्टनने, तो डार्विनचा नातेवाईकच, माणसांची पैदास सुधारण्याचं शास्त्र काढलं, आणि विसाव्या शतकात कित्येक देशांत माणसांची सक्तीने नसबंदी झाली. तेव्हा ह्या विषयावर गोडगोड बोलताना जरा जपून.

रानवाटसरू | रविवार, रात्री ११:२०

सगळे प्रतिसाद वाचले. भ्रमरकीटक न्यायाबद्दल नांदरुख यांना एक वडापाव लागू.

शंकासुर, निवड मी करतो हे मान्यच आहे, धाग्यातच लिहिलंय की कुणासाठी वापरायचं ते रान सांगत नाही. हा वाद तसा जुना. हक्सले, म्हणजे डार्विनचा खंदा वकील, १८९३ च्या ऑक्सफर्डच्या भाषणात म्हणाला की समाजाची नैतिक प्रगती निसर्गाची नक्कल करून होत नाही, त्याच्याशी झुंजून होते. उलट क्रोपोटकिन हा रशियन सरदारपुत्र सायबेरियात फिरून आलेला. त्याला तिथल्या थंडीत जनावरं एकमेकांशी लढताना कमी आणि एकमेकांना धरून राहताना जास्त दिसली. १९०२ मध्ये त्याने ते मांडलं. मला वाटतं दोघांची रानं वेगळी होती. पण हक्सलेला मी एक विचारीन: झुंजायचं बळ कुठून आणलंस? वानराने पिल्लू मारलं हे वाचून तुमच्या पोटात जे कालवलं, ते ह्यूमने घातलेलं नाही. हर्डीबाईंनीच पुढे दाखवलं की वानरीही गप्प बसत नाहीत. अनेक नरांशी संग ठेवतात, म्हणजे पिल्लू कुणाचं ह्याची खात्री कुणालाच राहू नये. आणि कधी कधी कळपातल्या इतर माद्या एकत्र येऊन नराला अडवतात. ही नीती नव्हे. पण नीतीला लागणारा कच्चा माल हाच, असं मी म्हणतोय.

आता माझ्याच बाजूच्या लोकांना एक चिमटा. २००७ मध्ये येल विद्यापीठातला एक प्रयोग गाजला होता: सहा आणि दहा महिन्यांच्या बाळांना ठोकळ्यांचं नाटक दाखवलं, एक ठोकळा दुसऱ्याला चढ चढायला मदत करतो, तिसरा खाली ढकलतो. बाळांनी मदत करणाऱ्याला निवडलं. 'जन्मजात नीती' म्हणून हे सगळीकडे छापून आलं. २०२४ मध्ये बऱ्याच देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून तो पुन्हा मोठ्या प्रमाणावर केला, तर बाळांचा असा कुठलाच कल दिसला नाही. तेव्हा बाळ नीती घेऊन जन्मतं असं मी म्हणणार नाही. कथा खोटी पाडायची सोय आहे का, हे तुम्ही विचारलं होतं. ही घ्या.

नांदरुख | सोमवार, सकाळी ८:१०

वडापाव पोचला. त्या बदल्यात माझ्या नावाच्या झाडाबद्दल. नांदरुख, वड, उंबर ह्यांच्या प्रत्येक जातीची बहुधा ठरलेली एक इवली माशी असते, ती फळात शिरून परागण करते आणि तिथेच अंडी घालते. काही माश्या अंडी घालतात पण पराग आणत नाहीत, म्हणजे लोकलच्या भाषेत बसतात पण उठत नाहीत. पनामात काही जातींच्या झाडांवर असं दिसलं की पराग न मिळालेली फळं झाड पिकण्याआधीच गाळून टाकतं, आत माशीची पिल्लं असली तरी. २०१० चं काम आहे. झाडाला ना राग, ना लाज, ना मेंदू. तरी फुकट्याला शिक्षा होते.

त्यामुळे रानवाटसरू, शिक्षेसाठी भावना लागतेच असं नाही. मग आपल्याला ती एवढी का लागते? बिनतिकीट माणूस पकडला गेला की अख्ख्या डब्याला गुदगुल्या होतात, त्यात आपला काडीचा फायदा नसतो.

खवट | सोमवार, सकाळी ८:१४

फायदा आहे. बसायला जागा.

मिठी_काठची | सोमवार, दुपारी १:००

चौथी_सीट यांनी लिहिलंय की उद्या पुन्हा भेटायचं असतं म्हणून लोक सरळ वागतात. मग २६ जुलै २००५? सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. मी कलिन्याहून छातीभर पाण्यातून निघाले. अनोळखी पोरांनी दोर धरून रस्ता ओलांडायला लावला, एका खोलीवजा घरातल्या बाईंनी मला आणि आणखी सात-आठ जणींना रात्रभर ठेवून घेतलं. कोरडी साडी दिली. त्यांच्या घरातच पाणी शिरलेलं होतं. ना त्या माझ्या नात्यातल्या, ना पुन्हा गाठ पडणार. ह्याचं काय गणित?

गणिती_गोंधळ | सोमवार, दुपारी १:४५

प्रामाणिक उत्तर: साधं गणित इथे थकतं. एक उत्तर असं देतात, की आपले पूर्वज लहान टोळ्यांत राहिले, तिथे भेटणारा जवळपास प्रत्येक जण ओळखीचा किंवा नात्यातला, म्हणून मन तसं घडलं आणि आता परक्यालाही तेच लागू होतं. मला ते अर्धवट वाटतं. नात्याचं गणित कीटकांतही सगळीकडे बसत नाही. बंगळुरूच्या राघवेंद्र गदगकरांनी आपल्याकडच्या कागदी घरट्याच्या गांधीलमाश्यांवर आयुष्य घालवलं. पुस्तकी हिशोबाने बहिणी एकमेकींना तीन चतुर्थांश जवळच्या असायला हव्यात (ह्यांच्यात बापाची सगळीच जनुकं प्रत्येक लेकीला मिळतात, म्हणून आपल्यासारखं अर्धं नाही), म्हणून त्या बहिणींसाठी राबतात. त्यांनी मोजलं तर जवळीक त्याहून बरीच कमी निघाली, कारण राणीचे नर अनेक आणि राण्याही बदलत राहतात. तरी कामकरी राबतातच. म्हणजे फायदा आणि किंमत ह्या दोन आकड्यांकडे जास्त बघायला हवं, नुसतं रक्ताचं नातं पुरत नाही.

शंकासुर | सोमवार, दुपारी २:२०

मिठी_काठची, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, तरी विचारतो. त्याच शहराने १९९२-९३ च्या दंगलीही पाहिल्या. पुरात कुणीही आपला होता, दंगलीत आडनाव विचारलं जात होतं. माणसं तीच, मधे बारा वर्षं. निसर्ग बदलला नाही, 'आपला कोण' ह्याची रेघ सरकली. आणि ती कोण सरकवतं हे उत्क्रांती सांगत नाही; पुढारी, वर्तमानपत्रं, शेजारीपाजारी सरकवतात.

पार्लेकर_आजी | सोमवार, दुपारी ४:०५

शंकासुर, हे तुम्ही बरोबर बोललात. पण ती रेघ बाहेर सरकवण्याचा उद्योगही जुनाच आहे. ज्ञानोबांनी पसायदानात दुष्टांचा नायनाट मागितला नाही, खळांची व्यंकटी सांडो म्हणाले, आणि मैत्र मागितलं ते सगळ्या भूतांचं. सातशे वर्षांपूर्वी, स्वतः वाळीत टाकलेल्या घरातला मुलगा हे मागतो. तुमच्या परतफेडीच्या हिशोबाने त्याने आधी शिक्षा मागायला हवी होती.

हौशी_हुप्प्या | सोमवार, संध्याकाळी ७:४०

सातभाईंवर एक राहिलं. झहावी नावाच्या इस्रायली अभ्यासकाने तिथल्या वाळवंटातल्या सातभाईंचे थवे वर्षानुवर्षं पाहिले. त्याचा दावा असा, की पहारा देणं आणि घास भरवणं ह्यासाठी तिथे चढाओढ असते. मोठा पक्षी धाकट्याला पहाऱ्यावरून हुसकावून स्वतः बसतो. परोपकार म्हणजे ऐपतीची जाहिरात! इतरांनी तेच पक्षी पाहून हा दावा खोडायचाही प्रयत्न केला आहे. मला मात्र शिवाजी पार्कच्या कट्ट्याजवळचे 'यांचे स्मरणार्थ' असे बाक आणि देवळाच्या पायऱ्यांवरची देणगीदारांची नावं आठवली.

खवट | सोमवार, संध्याकाळी ७:४३

गुप्तदान करणारे सातभाई कुणी पाहिलेत का?

शंकासुर | सोमवार, रात्री १०:१०

माझा मूळ प्रश्न अजून अर्धा उभा आहे. बाळांचा प्रयोग पडला, म्हणजे एक कथा खोटी ठरली, छान. पण घडून गेलेल्या गोष्टीला कारण जोडणं वेगळं आणि न पाहिलेली गोष्ट आधी सांगणं वेगळं. ह्या परोपकाराच्या सिद्धान्तांनी असं भाकीत कधी केलंय का?

रानवाटसरू | सोमवार, रात्री ११:३५

केलंय. १९७० च्या दशकात रिचर्ड अलेक्झांडर नावाचा अमेरिकन कीटकतज्ज्ञ व्याख्यानांत सांगत फिरायचा, की मुंग्या-वाळवीसारखी राणी आणि वांझ कामकरी असलेला सस्तन प्राणी मिळालेला नाही, पण असलाच तर तो कसा असेल. बहुधा उंदरासारखा कुरतडणारा, जमिनीखाली बिळांत राहणारा, मोठमोठ्या कंदांवर जगणारा, उष्ण कोरड्या प्रदेशातला. हिशोब सगळा वाळवीवरून केलेला: सुरक्षित घर, घरातच अन्न, वाढवत नेता येणारी जागा. श्रोत्यांतल्या एकाने उठून सांगितलं, हे वर्णन पूर्व आफ्रिकेतल्या केस नसलेल्या मोल-रॅटशी जुळतंय. केपटाऊनमध्ये जेनिफर जार्विस त्याच प्राण्यावर काम करत होत्या. १९८१ मध्ये त्यांनी जाहीर केलं: वसाहतीत पिल्लं घालणारी मादी एकच, बाकीचे बिळं खणतात, कंद आणतात, पिल्लं सांभाळतात. राणी मुंगीची, दात उंदराचे.

शंकासुर | सोमवार, रात्री ११:५२

हे मानलं. उंदीर झाला, माणूस राहिला.